प्रस्तावना : आभासी वस्तू आणि खरी जागा

डोळ्यांसमोरच्या खऱ्या दृश्यात संगणकाने घडवलेली वस्तू अशी बसवायची की ती त्या दृश्यातलीच वाटावी, या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे संवर्धित वास्तव म्हणतात. आणि गेल्या काही वर्षांत मोबाइल फोनमुळे ते इतके सर्वपरिचित झाले आहे की त्यात काही अवघड असावे, असे सामान्य वापरणाऱ्याला वाटत नाही. अमेरिकन संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली या क्षेत्राचा जो आढावा घेतला, त्यात त्यांनी अशा प्रणालीसाठी तीन अटी घातल्या होत्या : खरे आणि आभासी यांचा मेळ तिने घालावा, पाहणाऱ्याच्या हालचालींना तिने तत्क्षणी प्रतिसाद द्यावा आणि आभासी वस्तू खऱ्या जगाशी लांबी, रुंदी व खोली या तिन्ही दिशांनी जुळलेली असावी. यांतली तिसरी अट, म्हणजे जुळणी, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. आभासी वस्तूचे चित्र काढणे हे काम आता बरेचसे सुटलेले आहे. ते चित्र नेमके कोठे काढायचे, हे ठरवण्यासाठी पाहणारा या क्षणी कोठे उभा आहे आणि कोणत्या दिशेने पाहतो आहे हे मोजावे लागते, आणि खरी मेहनत त्या मोजणीत आहे. संवर्धित वास्तव हे चित्रकलेपेक्षा भूमापनाच्या अधिक जवळचे शास्त्र आहे, ही या विवेचनामागची भूमिका आहे.

या भूमिकेची परीक्षा घेण्यासाठी रायगड जिल्ह्यातल्या हमरापूरइतके योग्य ठिकाण शोधूनही सापडणे कठीण. पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर पेण स्थानकाच्या अलीकडे असलेले हे गाव, जोहे, कळवे, तांबडशेत यांसारख्या शेजारच्या गावांसह, गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. येथे वर्षभर मूर्ती घडतात, त्यांतल्या पुष्कळशा रंगकामाआधीच, कच्च्या स्वरूपात, इतर शहरांतल्या मूर्तिकारांकडे रवाना होतात, तर काही समुद्रमार्गे परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचतात. अशा परदेशी कुटुंबाला मूर्ती कित्येक महिने आधी ठरवावी लागते, आणि आपल्या मखरात दीड फुटी मूर्ती शोभेल की दोन फुटी, हा प्रश्न छायाचित्र पाहून सुटत नाही. फोनच्या पडद्यावर आपल्याच घरातल्या चौरंगावर ती मूर्ती बसलेली दिसली, तर तो सुटेल. वरवर एवढ्या साध्या वाटणाऱ्या या गरजेत जुळणीच्या शास्त्रातला जवळपास प्रत्येक कठीण प्रश्न दडलेला आहे. आणि तीच मूर्ती ज्या कारखान्यात घडते तेथे हा प्रयोग करू गेल्यास ते प्रश्न अधिकच उग्र रूपात समोर येतात.

जुळणीचा इतिहास संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समधील वास्तुकार फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने तेथील बाप्तिस्मागृहाचे यथादर्शन चित्र काढले, चित्रफलकाला एक भोक पाडले आणि पाहणाऱ्याने फलकाच्या मागून त्या भोकाला डोळा लावून समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावे, अशी योजना केली. आरसा बाजूला केला की चित्रातल्या इमारतीच्या जागी खरी इमारत दिसे. या योजनेचे मर्म चित्राच्या कौशल्यापेक्षा त्या भोकात होते, कारण त्याने पाहणाऱ्याचा डोळा एका बिंदूवर जखडून टाकला होता. महाराष्ट्रात हाच मार्ग दादासाहेब फाळके यांनी चित्रपटात वापरला. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून पौराणिक चमत्कार पडद्यावर आणण्यासाठी त्यांनी ज्या युक्त्या योजल्या, त्यांत एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याची युक्ती महत्त्वाची होती, आणि तिची पहिली अट अशी की दोन चित्रणांच्या दरम्यान कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. म्हणजे ब्रुनेलेस्कीने डोळा स्थिर केला, फाळक्यांनी कॅमेरा स्थिर केला, आणि दोघांनीही मोजणीचा प्रश्न सोडवण्याऐवजी तो उद्भवूच दिला नाही.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो पाहणाऱ्याला मोकळे सोडल्यानंतर. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा बनवला, त्यात रेषांनी काढलेल्या त्रिमित आकृती खऱ्या खोलीवर चढलेल्या दिसत, आणि डोके वळले की त्या आकृती नव्या दृष्टिकोनातून पुन्हा काढल्या जात. डोके कोठे आहे हे कळण्यासाठी छताला लटकवलेला यांत्रिक दांडा किंवा श्राव्यातीत ध्वनीची यंत्रणा वापरली जाई. पुढे बोइंग कंपनीत विमानांच्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांना डोळ्यांसमोरच खुणा दिसाव्यात, या हेतूने टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ साली जे काम प्रसिद्ध केले, त्यातून या क्षेत्राला त्याचे आजचे नाव मिळाले. या क्षेत्राचे नाव करमणुकीपेक्षा कारागिराच्या हाताला मदत करण्याच्या इच्छेतून आले, ही गोष्ट हमरापूरच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जुळणीचे गणित तीन प्रश्नांमध्ये मांडता येते. आभासी मूर्ती खोलीत कोठे ठेवायची, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर वापरणाराच चौरंगावर बोट ठेवून देतो. कॅमेरा खोलीत कोठे आहे, हा दुसरा. त्यासाठी सहा आकडे लागतात, तीन जागेचे आणि तीन रोखाचे, म्हणजे कॅमेरा किती वर-खाली कललेला, किती डावीकडे-उजवीकडे वळलेला आणि स्वतःच्या अक्षाभोवती किती तिरपा झालेला आहे याचे. या सहा आकड्यांना मिळून या ग्रंथात कॅमेऱ्याची ‘ठेवण’ म्हटले आहे. कॅमेरा समोरचे जग सपाट प्रतिमेत कसे उतरवतो, हा तिसरा प्रश्न. भिंगाचे नाभीय अंतर, प्रतिमेचा मध्यबिंदू आणि कडेच्या सरळ रेषांना बाक देणारा भिंगाचा दोष या गोष्टी त्यात येतात, त्या मोजण्याच्या क्रियेला अंशांकन म्हणतात, आणि बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची सपाट पाटी निरनिराळ्या कोनांतून टिपून ते करण्याची झेंगयू झांग यांनी २००० साली मांडलेली रीत आजही सर्वत्र चालते. अंशांकन एकदाच करून भागते. ठेवण मात्र दर सेकंदाला ३० ते ६० वेळा नव्याने काढावी लागते, आणि तीत एका अंशाची चूक झाली तरी दोन मीटरवरची मूर्ती साडेतीन सेंटीमीटर सरकते, म्हणजे चौरंगाच्या कडेवरून घसरल्यासारखी दिसते.

ठेवण काढण्याचा मूळ विचार भूमापकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्यांची स्थाने माहीत आहेत अशा तीन खुणा ज्या कोनांतून दिसतात, त्या कोनांवरून स्वतःचे स्थान काढता येते. कॅमेऱ्यासाठी या प्रश्नाची बीजगणिती उकल जर्मन गणिती ग्रुनर्ट यांनी १८४१ साली, म्हणजे छायाचित्रणाच्या अगदी बाल्यावस्थेतच, दिली होती. तीन बिंदूंतून एकाहून अधिक उत्तरे निघू शकतात, म्हणून चौथा बिंदू निवाडा करतो. एवढे झाल्यावर उरतो तो ओळखीच्या खुणा मिळवण्याचा प्रश्न. १९९९ साली हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी जाड काळ्या किनारीचा चौकोनी ठसा वापरला : चौकोनाचे चार कोपरे म्हणजे चार ओळखीचे बिंदू, आणि आतली आकृती म्हणजे त्या ठशाची ओळख. ही रीत भक्कम आहे, परंतु प्रत्येक चौरंगावर छापील कागद चिकटवायला कोणी तयार होत नाही. म्हणून पुढचे संशोधन दृश्यातल्याच नैसर्गिक खुणांकडे वळले. एखाद्या वस्तूचा कोपरा, कापडावरची नक्षी, भिंतीवरचा डाग, जेथे उजेड-अंधाराचा फरक सर्व बाजूंनी ठळक असतो असे बिंदू प्रतिमेत शोधायचे आणि पुढच्या प्रतिमेत तेच बिंदू पुन्हा ओळखायचे. यांतल्या कित्येक जोड्या चुकीच्या लागतात. त्या गाळण्यासाठी फिशलर आणि बोल्स यांनी १९८१ साली सुचवलेला उपाय असा की मोजकेच बिंदू वाटेल तसे निवडून त्यांवरून ठेवण काढावी, बाकीचे किती बिंदू तिला दुजोरा देतात ते पाहावे, हे पुष्कळदा करावे आणि ज्या उत्तराला सर्वाधिक पाठिंबा मिळेल ते स्वीकारावे. २००७ साली ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज क्लाइन आणि डेव्हिड मरे यांनी आणखी एक पाऊल टाकले : खोलीचा नकाशा आधी हाती नसतानाही, कॅमेरा फिरत असतानाच तो नकाशा आणि कॅमेऱ्याची ठेवण या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधारे त्यांच्या प्रणालीने समांतर काढल्या. २०१७ नंतर ॲपल आणि गूगल यांनी फोनमध्ये जी साधने दिली, ती याच विचारधारेतली आहेत.

या साऱ्या रीती एका गृहीतावर उभ्या आहेत : दृश्यात खुणा पुरेशा आहेत आणि एक खूण दुसरीसारखी नाही. प्रयोगशाळेतल्या टेबलावर पुस्तके, कप, कागद, तारा पसरलेल्या असतात, त्यामुळे हे गृहीत तेथे सहज टिकते. हमरापूरच्या कारखान्यात ते दोन्ही बाजूंनी कोसळते. साच्यातून काढलेली, अजून रंग न लागलेली मूर्ती म्हणजे गुळगुळीत, एकरंगी वळणांचा पृष्ठभाग. पोट, सोंड, गंडस्थळ यांवर उजेडाचा चढउतार इतका सावकाश असतो की बिंदू म्हणून धरावे असे कॅमेऱ्याला तेथे काही मिळत नाही, आणि जे काही मिळते ते सावलीच्या कडेवर, जी माणूस हलला की हलते. दुसरी अडचण याहून वाईट आहे. एकाच साच्यातल्या मूर्ती रांगेने मांडलेल्या असतात, त्यामुळे मुकुटाचा जो कोपरा एका मूर्तीवर सापडतो तोच शेजारच्या प्रत्येक मूर्तीवर हुबेहूब सापडतो. दाराजवळ उभा असलेला कॅमेरा आपण रांगेच्या मध्यावर आहोत असे पूर्ण आत्मविश्वासाने ठरवू शकतो, आणि फिशलर–बोल्स यांचा बहुमताचा उपायही येथे निष्प्रभ ठरतो, कारण चुकीच्या जोड्या विस्कळीत नसून सर्व मिळून एकच चुकीचे उत्तर सांगतात. या विषयावरच्या पाठ्यपुस्तकांत अशा फसगतीचे उदाहरण म्हणून कचेऱ्यांमधल्या सारख्याच खिडक्या किंवा दालने दिलेली असतात. मूर्तींची रांग हे उदाहरण त्यांपेक्षा पुष्कळ कठोर आहे.

मापाचा प्रश्न याहून मूलभूत आहे, आणि मूर्ती फुटांत व इंचांत विकली जात असल्याने येथे तो टाळताही येत नाही. एक मीटरवरची एक फुटी मूर्ती आणि दोन मीटरवरची दोन फुटी मूर्ती कॅमेऱ्याला अगदी सारखीच दिसते. कॅमेरा कितीही फिरवला, कितीही प्रतिमा घेतल्या, तरी एकट्या कॅमेऱ्याच्या आधारे उभारलेला खोलीचा नकाशा आकाराने बरोबर आणि मापाने अनिश्चित राहतो. सारी खोली बाहुलीघराएवढी असली तरी प्रतिमांत फरक पडणार नाही. फोन या पेचातून सुटतो तो त्याच्या पोटातल्या त्वरणमापकामुळे. हा मापक हात हलल्याने होणारे त्वरण मीटर आणि सेकंदांतच मोजतो, त्यामुळे कॅमेरा खरोखर किती सरकला हे कळते आणि नकाशाला माप मिळते. शिवाय गुरुत्वाकर्षणाच्या खेचीवरून उभी दिशा मिळते, म्हणून आभासी मूर्ती निदान तिरपी तरी बसत नाही. परंतु एकट्या त्वरणमापकावर भिस्त ठेवता येत नाही. त्यात दर वर्ग सेकंदाला ५ सेंटीमीटर इतकी स्थिर चूक असेल, तर दहा सेकंदांत अंदाजित स्थान खऱ्या स्थानापासून अडीच मीटर भरकटते, कारण त्वरणावरून स्थान काढताना चूक काळाच्या वर्गाने वाढते. कॅमेरा सावकाश पण न भरकटता सांगतो, मापक झपाट्याने पण भरकटत सांगतो, आणि दोघांची साक्ष एकत्र तोलणे हे आजच्या प्रत्येक फोनमधल्या जुळणीचे हृदय आहे. फोन वापरणाऱ्याला सुरुवातीला ‘फोन थोडा हलवा’ अशी सूचना मिळते ती याच कारणाने. हात स्थिर असताना मापकाला मापाबद्दल सांगण्यासारखे काहीच नसते.

वेळेचा हिशेब थोडक्यात सांगता येतो, पण त्याचा परिणाम थोडका नसतो. प्रतिमा टिपणे, ठेवण काढणे, चित्र काढणे आणि ते पडद्यावर उमटणे या साखळीला लागणारा काळ म्हणजे विलंब. डोक्यावर चढवलेल्या पारदर्शक पडद्यातून पाहणाऱ्याने सेकंदाला ५० अंशांच्या गतीने मान वळवली आणि विलंब १०० सहस्रांश सेकंद असला, तर मूर्ती पाच अंश मागे राहते, म्हणजे दोन मीटरवर साडेसतरा सेंटीमीटर. फोनवर हा दोष लपतो, कारण तेथे खरे दृश्यही कॅमेऱ्यातूनच, त्याच विलंबाने, येते आणि दोन्ही मिळून उशिरा पोहोचतात. चष्म्यातून खरे जग मात्र विनाविलंब दिसते. हातातल्या फोनवर स्थिर वाटणारी मूर्ती चष्म्यात तरंगू लागते ती यामुळे.

जागा बरोबर बसली तरी भास पुरा होतोच असे नाही. मखराचा खांब मूर्तीच्या पुढे असेल तर त्यामागचा मूर्तीचा भाग झाकला गेला पाहिजे, आणि त्यासाठी खांब किती पुढे आहे हे कळले पाहिजे. चौरंगावर मूर्तीची सावली पडली पाहिजे, आणि ती खोलीतल्या दिव्यांच्या दिशेने पडली पाहिजे. खोलीतला उजेड मोजण्यासाठी आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून त्याचे छायाचित्र घेण्याची पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली वापरलेली रीत चित्रपटसृष्टीत रुजली आहे, तर फोन तोच उजेड अंदाजाने काढतो. यांपैकी टेकलेल्या जागेवरची सावली सर्वांत महत्त्वाची आहे; ती नसेल तर मिलिमीटरपर्यंत बरोबर बसवलेली मूर्तीही अधांतरी वाटते, आणि ती असेल तर सेंटीमीटरभराची चूक डोळा सहज माफ करतो.

कोऱ्या मूर्तीपुढे कॅमेरा हतबल होतो, हे वर आले. पण तोच कोरेपणा या शास्त्राच्या दुसऱ्या एका शाखेत वरदान ठरतो, आणि त्या शाखेच्या जडणघडणीत एका मराठी संशोधकाचा मोठा वाटा आहे. नाशिकचे रमेश रासकर यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संशोधन केले आणि पुढे ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘शेडर लॅम्प्स’ या नावाने मांडलेल्या कामात आभासी रंगरूप पडद्यावर किंवा चष्म्यात न दाखवता प्रोजेक्टरने थेट खऱ्या वस्तूवर टाकले. ताजमहालाची एक पांढरी प्रतिकृती घेऊन तिच्यावर प्रकाशाने रंग, पोत आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळांचा उजेड चढवून दाखवला. प्रोजेक्टर हा गणिताच्या दृष्टीने उलटा कॅमेरा आहे, त्यामुळे त्याची ठेवण आणि अंशांकन यांना तेच सूत्र लागू पडते : प्रतिकृतीवरच्या किमान सहा ज्ञात बिंदूंवर प्रोजेक्टरची फुली नेऊन ठेवली की पुढचा हिशेब संगणक करतो. ओलिव्हर बिंबर आणि रासकर यांचा या विषयावरचा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला आणि तो या शाखेचा पायाभूत ग्रंथ मानला जातो.

या उलटापालटीतून एक मोठी सुटका मिळते. रंग वस्तूच्या पृष्ठभागावरच पडलेला असल्याने तो कोठूनही पाहिला तरी जागच्या जागीच दिसतो. पाहणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न, ज्याच्याभोवती बाकीचे सारे शास्त्र फिरते, येथे बहुतांशी गळून पडतो, आणि दहा माणसे एकाच वेळी कोणतेही उपकरण न लावता तेच दृश्य पाहू शकतात. एकरंगी, चकाकी नसलेला पांढरा पृष्ठभाग ही या रीतीची आदर्श जमीन आहे, आणि हमरापूरची कच्ची मूर्ती म्हणजे नेमकी तशी जमीन. पितांबराचा कोणता रंग, शेल्याची कोणती किनार, हे ग्राहकाला मूर्तीला ब्रश न लावता दाखवता येणे तत्त्वतः शक्य आहे. किंमत मोजावी लागते ती इतरत्र : खोली अंधारी हवी, मूर्ती जागची हलता कामा नये, आणि संगणकातली प्रतिकृती खऱ्या मूर्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे. ही शेवटची अट प्लास्टरच्या मूर्तीत पाळता येते, कारण प्लास्टर घट्ट होताना त्याचे माप जवळपास तेच राहते. शाडूची मूर्ती मात्र सुकताना आकसते, आणि सर्व बाजूंनी सारखी आकसेलच असे नाही. ओली असताना घेतलेली प्रतिकृती सुकलेल्या मूर्तीवर टाकली तर मुकुटाची किनार कपाळावर उतरते. पर्यावरणाच्या कारणाने शाडूकडे वळण्याचा आग्रह जसजसा वाढेल, तसतशी ही अडचण केवळ तात्त्विक राहणार नाही, आणि प्रत्येक मूर्तीची प्रतिकृती ती सुकल्यावरच घ्यावी लागेल.

याच रीतीचा विचार मूर्तीच्या आखणीसाठीही मनात येणे स्वाभाविक आहे. डोळ्यांची आखणी हे मूर्तिकामातले सर्वांत मानाचे काम. ते अनुभवी हाताकडेच दिले जाते, कारण बुबुळ जरा इकडेतिकडे झाले की दर्शनाला उभ्या राहिलेल्या माणसाशी मूर्तीची नजर जुळत नाही. शिकाऊ कारागिराला मार्गदर्शक रेषा म्हणून डोळ्यांची आकृती प्रोजेक्टरने चेहऱ्यावर टाकता येईल काय, या प्रश्नाला आजच्या तंत्रज्ञानाच्या आधारे दिलेले उत्तर सावध असले पाहिजे. आखणी करणाऱ्याचा हात नेमका त्याच जागी येतो जेथे प्रकाश हवा, त्यामुळे रेषा हाताच्या सावलीत बुडते. दुसऱ्या बाजूने दुसरा प्रोजेक्टर लावला तर दोघांच्या रेषा एकमेकींवर अचूक पडाव्या लागतात आणि जुळणीचा प्रश्न दुप्पट होतो. शिवाय येथे लागणारी अचूकता मिलिमीटरच्याही आतली आहे. मखरासाठी मूर्तीचे माप निवडताना सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची चूक खपते, आणि तेवढी अचूकता आजचा साधा फोन, पुरेसा उजेड आणि थोड्याफार खुणा असलेल्या खोलीत, देऊ शकतो. रंगसंगती दाखवण्यासाठी मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुरतात, आणि ते एका जागी पक्क्या बसवलेल्या प्रोजेक्टरला साधते. आखणीला लागते ती अचूकता मात्र अजून कारागिराच्या मनगटातच आहे, आणि पुढच्या प्रकरणांतली गणिते वाचताना कोणती रीत या तिन्हींपैकी कोणत्या कामाला पुरते, हे वाचकाने प्रत्येक टप्प्यावर ताडून पाहावे, अशी अपेक्षा आहे.